भायखळ्याच्या तुरुंगांतील लस

मुंबईंतील ग्रंथिक सन्निपाताचा विषय निघाला कीं बहुतेक लेखक पुण्यांतील रँडवधाकडे वळतात. भायखळ्याच्या तुरुंगाची वार्ता मागें राहते. डॉ. हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत सिद्ध केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्यांत ह्या तुरुंगांत रोग शिरला. ३० तारखेस सुमारें १५० बंदिवानांनीं लस घेतली. त्यांहून कांहीं अधिक तसेच राहिले. अन्न, पाणी, भिंती दोहोंसही एकच. म्हणूनच ह्या तुलनेस वजन आलें. पुढें न टोंचलेल्यांपैकीं १२ जण आजारी पडून ६ मेले; टोंचलेल्यांपैकीं २ आजारी पडले, मेला एकही नाहीं. मात्र टोंचण्याच्याच दिवशीं ज्यांस रोग दिसला, ते ह्या गणनेंत धरलेले नाहींत, हें आंकडे उतरून घेणारांनीं विसरूं नये.

बंदिवान स्वेच्छेनें पुढें आले, असें लिहिलेलें आढळतें. कुलुपाआडच्या माणसाची स्वेच्छा ती केवढी! तथापि निम्म्यांनीं नकार दिला व तो चालला, एवढें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. संग्राहकांच्या दप्तरांत त्या सालची तुरुंगाची एखादी नोंदवही असल्यास ती रद्दींत जाऊं देऊं नये, ही विनंति.