‘अजून फिल्मच?’ : एका प्रश्नाचा पूर्वेतिहास

फिल्मचा कॅमेरा गळ्यात अडकवून जो कोणी आज चारचौघांत हिंडतो, त्यास एक प्रश्न चुकत नाही. ‘अजून फिल्म मिळते का?’ हे त्या प्रश्नाचे सौम्य रूप होय. ‘अजून फिल्मच वापरता?’ हे त्याचे उग्र रूप. ‘अजून’ हा शब्द मात्र दोहोंतही कायम असतो. आमच्या दिल्लीत चांदनी चौकातील कूचा चौधरी ही कॅमेऱ्यांची नावाजलेली पेठ. पण तेथेदेखील कोणी फिल्मचा रोल मागितला की शेजारच्या गिऱ्हाइकांच्या माना वळतात. ज्या फिल्मवर आमच्या घरोघरच्या मुंजी आणि लग्ने उतरली, ती वीस-पंचवीस वर्षांत नवलाची वस्तू होऊन बसली आहे.

या नवलाचा मागोवा घेऊ लागलो म्हणजे एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. फिल्म जेव्हा स्वतः नवी होती, तेव्हाही ती वापरणारास लोकांचे बोलणे ऐकावेच लागे. फक्त तेव्हाचा आक्षेप आजच्या नेमका उलट होता. आज म्हणतात, हे फार खटपटीचे आहे. तेव्हा म्हणत, हे फारच सोपे आहे. वस्तू तीच, हसणाऱ्यांची उभे राहण्याची जागा तेवढी बदलली.

आरंभापासून पाहू. दागेर याची प्रकाशचित्रणाची रीत १८३९ साली पॅरिस येथे जगापुढे आली आणि १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची रीत प्रसिद्ध केली. हीत काचेवर रसायन ओतावयाचे, ते ओले आहे तोवरच चित्र घ्यावयाचे आणि तत्काळ अंधाऱ्या तंबूत शिरून काच धुवावयाची. दहा-पंधरा मिनिटांत सारे उरकले नाही तर श्रम फुकट. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर तेवढीही सवड मिळत नसे. तरीही ही विद्या येथे लवकर रुजली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी होत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला.

याच परंपरेतील लाला दीनदयाळ यांचे नाव आम्हां सरकारी कारकुनांनी तरी विसरू नये. रुरकीस स्थापत्याचे शिक्षण घेऊन हे गृहस्थ इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या कामावर रुजू झाले. कचेरी सांभाळून त्यांनी कॅमेरा हाती धरला, मध्य हिंदुस्थानातील वास्तूंची चित्रे घेतली, पुढे नोकरी सोडली आणि अखेर हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळी या धंद्याची प्रतिष्ठा पुष्कळशी त्याच्या अवघडपणात होती. काचा, बाटल्या, तिवई आणि तंबू यांचे लटांबर ज्याच्यामागून चाले, तो जाणकार. त्याकडे लोक आदराने व किंचित भयानेही पाहत.

हा अवघडपणा जॉर्ज ईस्टमन याने मोडीत काढला. १८८८ साली त्याने विक्रीस आणलेला ‘कोडॅक’ म्हणजे शंभर चित्रांचा रोल आत घालूनच दिलेली एक पेटी होती. चित्रे संपली की पेटीच कारखान्याकडे धाडावयाची. चित्रे धुऊन व नवा रोल भरून ती परत येई. पहिला रोल कागदाचा होता. पुढील वर्षी पारदर्शक सेल्युलॉइड आले आणि आज आपण जिला फिल्म म्हणतो ती अवतरली. ज्यांनी उमेदीची वर्षे काचा धुण्यात घालविली होती, त्यांना ही विद्येची विटंबना वाटल्यास नवल नाही. ज्याने रसायनास हात लावला नाही, ज्यास अंधारखोली ठाऊक नाही, तो छायाचित्रकार कसला? इकडे सामान्य जनांचा रोष निराळ्या कारणासाठी होता. कोठेही, केव्हाही, न विचारता चित्र घेणारा हा नवा प्राणी वृत्तपत्रांतून चेष्टेचा विषय झाला. त्यास कॅमेऱ्याने झपाटलेला म्हणत. १८९० साली वॉरन आणि ब्रँडाइस या दोघा अमेरिकन कायदेपंडितांनी खाजगीपणाच्या हक्कावर जो सुप्रसिद्ध निबंध लिहिला, त्याच्या प्रेरणांपैकी एक ही क्षणार्धात टिपलेली छायाचित्रे होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये याच हक्कावर निर्णय दिला, तेव्हाही त्या निबंधाचे स्मरण झाले.

कलावंतही या हेटाळणीतून सुटले नाहीत. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याने १८९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या हिमवादळात तीन तास उभे राहून, हाती धरावयाच्या कॅमेऱ्याने फिफ्थ ॲव्हेन्यूचे चित्र घेतले. त्यात काच होती, फिल्म नव्हती. पण तिवई नव्हती, आणि जुन्या मंडळींच्या दृष्टीने तेवढा अपराध पुरेसा होता. ती निगेटिव्ह पाहून सहकारी हसले, अशी आठवण त्यानेच सांगितली आहे. हाती धरावयाचा कॅमेरा म्हणजे वाईट काम, हा समज खोडून काढण्यासाठी १८९७ साली त्याला लेख लिहावा लागला. आज ते चित्र छायाचित्रकलेच्या प्रत्येक इतिहासात सन्मानाने छापले जाते.

पुढची पिढी याहून वेगळी वागली नाही. १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ हा लहानसा कॅमेरा मांडला गेला. चोवीस बाय छत्तीस मिलिमीटरची इवलीशी निगेटिव्ह पाहून मोठ्या कॅमेऱ्यांच्या धन्यांनी त्यास खेळणे ठरविले. पाहणारांची नजर साधनावर असते तशी ते धरणाऱ्या हातावरही असते, हे आमच्या दिल्लीनेच दाखविले आहे. होमाई व्यारावाला १९४२ मध्ये मुंबईहून येथे आल्या आणि साडी नेसून, अवजड स्पीड ग्राफिक घेऊन, सायकलवरून कामावर जात. बाई कॅमेऱ्याशी उगाच खेळत असाव्यात, अशी लोकांची समजूत होई. त्या समजुतीचा आपणांस लाभच झाला, नाजूक ठिकाणीही निर्वेध जाता आले, असे त्या पुढे हसून सांगत. स्वतंत्र भारताच्या पहिल्या दोन दशकांची दिल्ली आज आपण पाहतो ती बऱ्याच अंशी या ‘खेळणाऱ्या’ बाईंच्या निगेटिव्हांतून.

मग पाळी आली फिल्मवाल्यांची. १९७५ साली कोडॅक कंपनीतीलच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मविना चालणारा कॅमेरा जुळविला. सुमारे साडेतीन किलो वजनाचे ते धूड दहा हजार ठिपक्यांचे एक काळेपांढरे चित्र कॅसेटवर उतरविण्यास तेवीस सेकंद घेई. आपले फोटो दूरदर्शन-संचावर कोण पाहणार, असा वरिष्ठांचा सूर होता, असे त्याने सांगून ठेवले आहे. म्हणजे ज्या कंपनीने काचवाल्यांची हेटाळणी सोसून फिल्म रुजविली, तीच फिल्मच्या गादीवर बसून नव्याची हेटाळणी करू लागली. २०१२ च्या जानेवारीत त्या कंपनीस दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. तेव्हापासून हसण्याची दिशा पालटली ती आजतागायत तशीच आहे.

आजच्या प्रतिक्रियांचे आम्ही चार वर्ग करतो. पहिला वात्सल्याचा. साठी उलटलेले गृहस्थ कॅमेरा हाती घेऊन पाहतात, बडोद्यास तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीची आठवण काढतात, एका रोलमध्ये बाराच फोटो निघत म्हणून सगळ्या घराला कसे दामटून उभे करीत ते सांगतात. त्यांना कॅमेऱ्यात कॅमेरा दिसत नाही, आपले वडील दिसतात. दुसरा वर्ग हिशेबी माणसांचा. रोल, तो धुणे, स्कॅन करणे आणि परगावच्या लॅबचे टपाल, इतका खर्च छत्तीस चित्रांसाठी कशाला, ही त्यांची पृच्छा रास्त आहे. महिनाअखेरीस वेतनाची वाट पाहणाऱ्या आम्हांस ती खोडून काढता येत नाही. तिसरा वर्ग संशयी. जुने ते मिरवावयाचे, हे एक ढोंगच आहे, असे त्यांस वाटते. आणि ढोंगी मंडळी मुळीच नाहीत असे कोण म्हणेल? विमानतळावर ‘हा रोल यंत्रातून न घालता हाताने तपासा’ अशी विनंती करणाराही क्षणभर संशयितच ठरतो. क्ष-किरणांनी फिल्म खराब होते, ही एके काळी सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट आता समजावून सांगावी लागते.

चौथा वर्ग बालकांचा, आणि आम्हांस तोच सर्वांत बोलका वाटतो. फोटो निघताच मुले धावत कॅमेऱ्याच्या मागे येतात. तेथे पडदा नसतो. ‘दाखवा ना!’ या मागणीस ‘अजून झाला नाही’ हे उत्तर मिळाले की त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटतो तो उपहासाचा नसतो, कौतुकाचाही नसतो. घडलेली गोष्ट अद्याप व्हावयाची आहे, हा विचारच त्यांना नवा असतो. येथे ‘अजून’ हा शब्दही उलटतो. मोठी माणसे मागे पाहून ‘अजून’ म्हणतात. मुलांना सांगितलेले ‘अजून’ पुढे पाहणारे असते.

या चारही वर्गांच्या खिशातील फोनमध्ये जुन्या फिल्मचा दाणा आणि फिक्कट रंग हुबेहूब आणून देणारी सोय असते, आणि ती ते हौसेने वापरतात, हेही नमूद केले पाहिजे. फिल्मचे रूप हवे आहे. खटपट नको आहे. ईस्टमनच्या गिऱ्हाइकांचेही मागणे हेच होते, म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अंधुक उजेडात, बातमीच्या घाईत, खर्चाच्या बाबतीत नवे साधन सरस आहे, हे निर्विवाद होय.

मग या साऱ्या बोलण्यास महत्त्व ते काय? महत्त्व असे की, लोकांचे हसणे वा विचारणे हे बोलण्यापुरते राहत नाही. त्यावरून माल घेणाऱ्यांची संख्या ठरते, आणि संख्येवरून विद्या जगते की मरते ते ठरते. निळगिरीत उदकमंडलम् येथे केंद्र सरकारने १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली. १९६७ पासून तेथे उत्पादन सुरू झाले; ‘इंदू’ नावाने क्ष-किरणांची, चित्रपटांची व साधी फिल्म तेथून देशभर जाई. चांदीच्या क्षारांवर चालणाऱ्या वस्तूस चंद्राचे नाव देणारा कोणी रसिकच असावा. परदेशी मालाशी स्पर्धा आणि मागून आलेले नवे तंत्र यांच्या कात्रीत तो कारखाना सापडला, आजारी ठरला आणि शेवटी बंद झाला. अंधारात हाताच्या अंदाजाने काम करणाऱ्या तेथील कामगारांचे कौशल्य कोणत्या दप्तरात नोंदविले असेल?

कोडाक्रोम या रंगीत फिल्मची अखेर याहून शिकविणारी आहे. १९३५ मध्ये आलेली ही फिल्म २००९ मध्ये बंद झाली. ती घरी धुता येत नसे, इतकी तिची रीत गुंतागुंतीची. जगात उरलेली एकमेव लॅब अमेरिकेत कॅन्ससमधील पार्सन्स या लहान गावी होती, आणि तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे थांबविले. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅक्करी याने वापरला. त्या छत्तीस चित्रांपैकी काही त्याने मुद्दाम मुंबईत व राजस्थानात येऊन घेतली. त्या दिवसानंतर कोणाच्या कपाटात कोडाक्रोमचा न धुतलेला रोल उरला असेल, तर त्यातील मूळ रंग पुन्हा दिसणे नाही.

उलट उदाहरणेही आहेत. इंग्लंडात मोबर्ली येथे इल्फर्डची काळीपांढरी फिल्म आजही तयार होते. २००८ मध्ये पोलरॉइडने तत्काळ फोटोची फिल्म बंद केली, तेव्हा हॉलंडमधील एन्स्खेडे येथील यंत्रे भंगारात जाण्यापूर्वी काही हट्टी माणसांनी ती वाचविली व पुन्हा चालविली. कोडॅकची एक्टाक्रोम २०१२ मध्ये गेली आणि २०१८ मध्ये परतली. २०२४ साली तर पेंटॅक्सने नवा कोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. हे सर्व घडले ते ‘अजून?’ या प्रश्नाला ‘होय, अजून’ असे उत्तर देत राहिलेल्या मूठभर गिऱ्हाइकांमुळे.

आणि ही विद्या केवळ हौशी लोकांसाठी टिकावयास हवी असे नाही. पोटापाण्यासाठी घर सोडून दिल्ली, इंदूर, हैदराबाद, कलकत्ता येथे गेलेल्या मराठी कुटुंबांच्या ट्रंकांतून लिफाफ्यांत घातलेल्या निगेटिव्ह आजही पडून आहेत. फोटो भिंतीवर लागले, मुलींच्या सासरी गेले, दमट हवेने डागाळले. निगेटिव्ह मात्र बहुधा रद्दीवाल्याच्या वाट्याला जातात. पहिले बिऱ्हाड, परप्रांतातील पहिला गणपती, गावी राहिलेली आजी यांचे अस्सल दप्तर तेच आहे. जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला म्हणजे तिचे आयुष्य सरत आले असे समजावे. ती उजेडाशी धरून कोण कोण आहे ते ओळखणारी वडील माणसे आणि तिची नीट प्रत काढून देणारे कारागीर, दोघेही आहेत तोवर ते लिफाफे उघडावेत. ‘अजून आहेत का त्या?’ असे कोणी विचारले, तर या वेळी तरी त्या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही.