गुरांच्या बाजारापासून कुत्र्याच्या विम्यापर्यंत

वऱ्हाडांतील गुरांच्या बाजारांत सौदा तोंडानें होत नसे. विकणारा आणि घेणारा यांचे हात एका रुमालाखालीं जात, बोटांची दाबादाब होई, आणि भोंवतीं उभ्या असलेल्या दहा माणसांना किमतीचा थांगपत्ताहि न लागतां बैलाचा मालक बदले. परंतु रुमालाखालीं हात घालण्यापूर्वीं घेणारानें जें कांहीं केलेलें असे, तें सर्वांच्या देखत केलेलें असे. त्यानें बैलाचें तोंड उघडून दांत मोजलेले असत; शिंगें, खूर आणि वशिंड पाहिलेलें असे; बैल चालवून व जुंपून पाहिलेला असे; आणि मारकेपणा किंवा जूं टाकण्याची खोड विकणारा लपवीत तर नाहीं ना, हें शेजारच्या गांवच्या माणसाला बाजूला घेऊन विचारलेलें असे. बाजाराच्या पावतीवर जनावराचा रंग, शिंगांची ठेवण आणि अंगावरील खुणा उतरून घेत, ती या चौकशीची लेखी नक्कल होय.

आज बुलढाणा, चिखली, खामगांव किंवा मलकापूर येथील एखाद्या गृहस्थास आपल्या कुत्र्याचा विमा उतरवावयाचा झाला, तर जो छापील अर्ज त्याच्यापुढें येतो त्यांतील प्रश्न या बाजारांतल्या गिऱ्हाइकाचेच आहेत. वय काय, खुणा कोणत्या, पूर्वीं दुखणें झालें होतें काय, खोड आहे काय, किंमत किती? गोम एवढीच कीं, कुत्रें त्या बाजारांत कधीं आलेंच नव्हतें. धनगराच्या वाड्याची राखण करणाऱ्या किंवा शेतांतील डुकरें हाकलणाऱ्या कुत्र्याला मान होता, भाकरी होती, पण किंमत नव्हती. ज्याला किंमत नाहीं त्याचा विमा कसा उतरावयाचा, हा प्रश्न सुटण्यास पुष्कळ काळ लागला. आणि तो अर्धाच सुटल्यामुळें आज विमा घेणाऱ्याची फसगत होते.

ज्या मुलुखांत कापूस पिकतो तेथें बैल म्हणजे अर्धी शेती. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केलें. पुढें १८७० सालीं खामगांवास आगगाडीचा फांटा पोंचला, काळ्या जमिनींतला कापूस मुंबईच्या वाटेला लागला, आणि तो बाजारापर्यंत ओढून आणणाऱ्या बैलजोडीवर कुटुंबाचें वर्ष अवलंबून राहूं लागलें. त्याच बैलांवर बुळकांडीचा घाला पडे. हा रोग गोठ्यांत शिरला म्हणजे आठवड्याभरांत गोठा ओस पडे. सरकारनें त्याच्या चौकशीसाठीं एक मंडळ नेमलें, त्याचा अहवाल १८७१ सालीं झाला. रोगाच्या अभ्यासाकरितां १८८९ सालीं पुण्यास प्रयोगशाळा निघाली व ती १८९३ सालीं हिमालयांतील मुक्तेश्वरास हलविण्यांत आली. त्या रोगाचें जगांतून उच्चाटन झाल्याचें जाहीर होण्यास मात्र २०११ साल उजाडावें लागलें.

एवढा धोका डोक्यावर असतां गुरांचा विमा त्या काळीं कां रुजला नाहीं? कारण विम्याचें गणितच मुळीं असें आहे कीं, नुकसान एकाचें व्हावें आणि भार शंभरांनीं उचलावा. शंभर गलबतांपैकीं एक बुडतें. शंभर घरांपैकीं एक जळतें. परंतु बुळकांडी आली म्हणजे ती शंभरांपैकीं एका गोठ्यांत थांबत नसे. १८९९–१९०० च्या दुष्काळांतहि तोच प्रकार झाला. चारा एकाच्याच गंजींतला संपला असें झालें नाहीं. ब्रह्मदेशांत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत गुरांच्या विम्याच्या सहकारी मंडळ्या निघाल्या, पण त्यांनाहि चिरकाल टिकतां आलें नाहीं. गांवाचा विमा एकट्या गांवाला पेलत नाहीं, त्याला दूरच्या गांवांचा हातभार लागतो.

विम्याच्या धंद्याला दुसरी भीति होती ती लबाडीची. १७६६ सालीं इंग्लंडांत लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशापुढें सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याचा खटला आला. त्या निमित्तानें त्यानें असें तत्त्व सांगितलें कीं, धोक्याची खरी माहिती विमा उतरविणाऱ्याच्याच पोटांत असते, सबब ती त्यानें उघड केली पाहिजे. त्या खटल्याचा निकाल विमा उतरविणाऱ्याच्या बाजूनें लागला. तत्त्व मात्र पुढें विमेवाल्यांच्याच जास्त कामास आलें. आज कुत्र्याच्या अर्जावर 'पूर्वींचा आजार नाहीं' असें बेफिकिरीनें लिहिणाऱ्या गृहस्थाचा दावा ज्या कारणास्तव फेटाळला जातो, त्याची मुळें त्या किल्ल्याच्या कज्जांत आहेत.

स्वीडन देशांत १८९० सालीं घोडे व गुरें यांचा विमा सुरू झाला, आणि तेथेंच १९२४ सालीं एका कुत्र्याचा विमा उतरविण्यांत आला. ब्रिटनमध्यें कुत्र्याचें पहिलें विमापत्र १९४७ सालीं निघालें. अमेरिकेंत हा मान १९८२ सालीं लॅसी नांवाच्या प्रसिद्ध कुत्र्याला मिळाला. येथें विम्याची जात बदलत गेली हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. घोड्याच्या विम्यांत घोडा मेला म्हणजे त्याची किंमत मिळे. कुत्र्याच्या बाबतींत किमतीला फारसा अर्थ नव्हता; मालकाला चिंता असे ती कुत्रें जगविण्याच्या खर्चाची. म्हणून विमा हळूहळू मरणाकडून दवाखान्याकडे वळला.

आपल्याकडे ही वाट गुरांपाशींच दीर्घकाळ थांबली. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा धंदा सरकारी झाला आणि एकशें सात विमासंस्था चार कंपन्यांत सामावल्या गेल्या. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशांतील सर्व विकासगटांत लागू झाला. ब्यांकेच्या कर्जानें म्हैस किंवा गाय घ्यावी, सरकारनें कांहीं सूट द्यावी आणि जनावराचा विमा असावा, अशी ती योजना. रुमालाखालच्या सौद्यांत दांत आणि शिंगें पुरेशीं होतीं, कारण जनावर डोळ्यांसमोर उभें असे. विमा कंपनी मात्र दूरच्या शहरांत बसलेली. मेलेली म्हैस विमा उतरविलेलीच कीं शेजाऱ्याची, हें तिनें कसें ओळखावें? यावर कानांतील बिल्ल्याचा तोडगा निघाला, आणि 'बिल्ला नाहीं तर दावा नाहीं' हें वाक्य खेडोपाडीं मंत्रासारखें पाठ झालें.

हा बिल्ला झुडपांत अडकून तुटतो, कान चिघळून गळून पडतो. पडल्याबरोबर कंपनीस कळवून दुसरा बसवून घ्यावयाचा असतो; परंतु पेरणीच्या घाईंत तें राहून जातें. मग म्हैस सर्पदंशानें मेली तरी तिची ओळख पटत नाहीं, भरपाई बुडते, आणि ब्यांकेचें कर्ज मात्र जिवंत राहतें. असलीं कुटुंबें हप्ता भरूनहि उघडीं पडलीं. पुढें २००५-०६ पासून निवडक शंभर जिल्ह्यांत केंद्र सरकारनें अर्धा हप्ता सोसण्याची योजना काढली व २०१४-१५ पासून ती राष्ट्रीय पशुधन अभियानांत समाविष्ट झाली. २०२२ सालीं लम्पी चर्मरोगानें बुलढाणा जिल्ह्यांतील गोठ्यांना तडाखा दिला, तेव्हां राज्य सरकारनें दुभत्या गाईस ३०,०००, बैलास २५,००० व वासरास १६,००० रुपये असें साहाय्य दिलें. हें साहाय्य म्हणजे विमा नव्हे. साहाय्य सरकारच्या मर्जीनें मिळतें, विमा कागदाच्या शब्दाप्रमाणें मिळतो. आणि शब्द वाचलेले नसले तर मिळत नाहीं.

कुत्र्याची कथा येथून निराळी होते. सरकारी विमा कंपन्यांकडे कुत्र्याचें विमापत्र होतें, पण तें गुरांच्याच साच्यांतून काढलेलें. मुख्य भर मृत्यूवर व किमतीवर. २००० सालीं खासगी कंपन्यांना हें क्षेत्र पुन्हा खुलें झालें आणि ऑगस्ट २०२० मध्यें पुण्याच्या बजाज अलायन्झ कंपनीनें पाळीव कुत्र्यांसाठीं विमा आणला. त्यांत शस्त्रक्रिया व दवाखान्यांतील खर्च, मृत्यु, चोरी, कुत्र्यामुळें परक्यास झालेली इजा अशीं निरनिराळीं अंगें होतीं, आणि जातिवंतांबरोबर गावठी कुत्र्यांनाहि त्यांत जागा होती.

पहिली फसगत होते ती या अंगांतच. बैलाचा विमा एकजिनसी होता. कुत्र्याचा विमा तुकड्यातुकड्यांनीं विकला जातो. स्वस्त हप्ता पाहून गृहस्थ मृत्यूचा तुकडा घेतो आणि आपण दवाखान्याची सोय केली असें समजतो. जातिवंत पिल्लाची खरेदीची पावती नसेल तर मृत्यूच्या तुकड्यांतहि किंमत काय धरावयाची यावर वाद होतो. कंपनी सामान्यतः विम्याची रक्कम किंवा बाजारभाव यांपैकीं जें कमी असेल तेंच देऊं पाहते. रस्त्यावरून घरीं आणलेल्या कुत्र्यास बाजारभाव कोठला?

वयाचें कलम त्याहून कठोर आहे. कुत्र्याला औषधपाण्याची खरी गरज लागते उतारवयांत, आणि नव्यानें विमा घेण्याचा दरवाजा बहुधा त्याच सुमारास बंद होतो. मोठ्या जातींना तर तो आणखी लवकर लागतो. त्यांतच विमापत्र वर्षाचें असतें. यंदा सुरू झालेला मधुमेह किंवा सांध्याचा विकार पुढील वर्षीं 'पूर्वींचा आजार' म्हणून बाहेर काढला जातो किंवा कसें, हा प्रश्न हप्त्याच्या आंकड्याहून अधिक महत्त्वाचा होय. एजंट याचें उत्तर तोंडीं देतो. तें लेखी मागावें.

लसीचें कलम पाहूं गेल्यास कंपनीची बाजू योग्यच म्हणावी लागेल. पिसाळरोग, डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लशी वेळेवर टोंचल्या नसतील तर त्या रोगांनीं झालेल्या मृत्यूची भरपाई सहसा मिळत नाहीं. म्हणून लशीची पुस्तिका विमापत्राइतकीच जपून ठेवावी लागते. विमा घेतल्यावर आरंभींचे कांहीं दिवस आजारासाठीं कोरडेच जातात. हाहि गुरांच्या विम्यांतून आलेला नियम. आजारी जनावर दाखवून विमा उतरविणाऱ्यांवर तो उपाय होता. ओळखीचा घोळहि तोच. एका गल्लींत पांढऱ्या पंजांचीं काळीं कुत्रीं दोन असावयाचींच. कानाच्या बिल्ल्याची जागा येथें कातडीखालीं बसविलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपनें घेतली आहे. ती नसेल तर निदान स्पष्ट छायाचित्रें तरी कंपनीच्या दप्तरीं गेलेलीं असावींत.

मोठ्या शहरांत न सुचणारी एक अडचण बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांत आहे. कठीण शस्त्रक्रियेसाठीं कुत्र्याला अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेंत न्यावें लागलें, तर बुलढाण्याहून शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास पडतो. गाडीभाडें विमा क्वचितच देतो. उपचाराचे पैसे बहुधा आधीं पदरचे भरावे लागतात. नंतर नोंदणीकृत पशुवैद्याचीं बिलें, औषधांच्या पावत्या आणि रोगनिदानाचा कागद पाठवून त्यांतील कांहीं भाग परत येतो. कांहीं भाग, कारण प्रत्येक दाव्यांतील ठराविक हिस्सा मालकानें सोसावा असें कलम पुष्कळदां असतें.

मृत्यूच्या प्रसंगीं सर्वांत मोठी चूक मायेपोटीं होते. रात्रीं कुत्रें मरतें, घरांतील मुलें रडत असतात, आणि सकाळ होण्याच्या आंत त्याला परसांतील निंबाखालीं पुरतात. दोन दिवसांनीं कंपनी शवविच्छेदनाचा दाखला मागते. गुरांच्या मालकाला पंचनाम्याची रीत ठाऊक असते; शहरी कुटुंबाला ती ठाऊक नसते. कंपनीस कळविण्याची मुदत किती, शवाचें छायाचित्र लागतें काय, तपासणी कोणी करावयाची, हें विमा घेतला त्याच दिवशीं पाहून ठेवावें लागतें.

दावा अन्यायानें नाकारला गेला असें वाटल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जातां येतें, आणि त्यासाठीं फी पडत नाहीं. परंतु तेथेंहि निवाडा होतो तो छापील कलमांवरूनच.

चिखलीच्या रस्त्यावर गाडीखालीं सांपडून पाय मोडलेल्या गावठी कुत्र्याचें हाड सांधण्यास जी भूल, जी पट्टी आणि जो वेळ लागतो, तोच जातिवंत कुत्र्यालाहि लागतो. म्हणून बाजारांत ज्याला कोणी हात लावला नसता अशा कुत्र्याच्या मालकानें मृत्यूचा तुकडा सोडून शस्त्रक्रियेचा घेतला, तर त्याच्या हप्त्याचे पैसे योग्य जागीं पडतात.