नळ, गटार आणि मत : आपल्या दोन नगरपित्यांची गोष्ट

धोबीतलावच्या नाक्यावर, मेट्रो सिनेमासमोर, एका गृहस्थांचा पुतळा उभा आहे. सोनापूरच्या डोलर्स चर्चला मिस्सेसाठी जाणारी आपली किती कुटुंबे गेली कित्येक दशके त्याच्या शेजारून गेली असतील! तो कोणाचा, असे विचारले तर कोणी एखाद्या गोऱ्या साहेबाचे नाव सांगतो, कोणी खांदे उडवतो. पुतळा डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा आहे. बार्देशातील हडफडे गावी जन्मलेले हे गोमंतकीय कॅथोलिक डॉक्टर मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, ते १९०६ साली. एतद्देशीय ख्रिस्ती माणसाला तो मान प्रथमच मिळाला. त्यानंतर १९२५ साली त्याच खुर्चीवर माझगावच्या माथारपाखाडीचे जोसेफ 'काका' बाप्टिस्टा बसले. आपण या दोघांचा उल्लेख 'आपल्या समाजाचे भूषण' म्हणून करतो आणि तेथेच थांबतो. नगरपिता म्हणून त्यांनी कोणत्या प्रश्नांशी झुंज दिली हे पाहणे आम्हांला अधिक अगत्याचे वाटते.

डॉ. व्हिएगस यांचा दवाखाना मांडवीत होता. धान्याची वखारे, गोदी, त्यांवर रचलेल्या माणसांनी गच्च भरलेल्या चाळी, असा तो भाग. १८९६ च्या सप्टेंबरात तेथील एक रोगी तपासताना त्यांना ज्वर आणि सुजलेल्या गाठी आढळल्या. हा गाठीचा ताप, म्हणजेच प्लेग, असे त्यांनी निदान केले व ते जाहीरपणे सांगितले. असे सांगणे सोपे नव्हते. ज्या शहराचा श्वास व्यापारावर चालतो, त्या शहराच्या बंदराला प्लेगचे नाव चिकटणे म्हणजे जहाजे अडणे आणि कापसाच्या गासड्या धक्क्यावर पडून राहणे. प्रारंभी अनेकांनी या निदानाबद्दल शंका घेतली. पुढे तज्ज्ञांनी ते खरे ठरविले. व्हिएगस केवळ डॉक्टर नव्हते, ते महापालिकेचे सभासदही होते. त्यामुळे रोग्याची नाडी सोडून ते थेट गल्लीच्या गटाराकडे वळले, आणि वस्त्या साफ करण्याचा व उंदीर मारण्याचा आग्रह त्यांनी धरला.

त्या काळच्या महापालिकेची घडण येथे थोडक्यात सांगावी लागेल. १८८८ च्या कायद्यानुसार सभागृहात ७२ सभासद. त्यांतील ३६ वॉर्डांतून निवडून येत. उरलेले जस्टिस ऑफ द पीस, विद्यापीठ, व्यापारी मंडळ आणि सरकार यांनी पाठविलेले. वॉर्डांतून निवडून देणारेही कोण? तर घरपट्टी भरणारे सुस्थित करदाते आणि पदवीधर. प्रत्यक्ष कारभाराची सूत्रे सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती. सभासदाने प्रश्न विचारावा, अंदाजपत्रकावर बोट ठेवावे, ठराव मांडावा. आयुक्ताला हुकूम करण्याची सोय त्याला नव्हती. आयुक्त सरकारने नेमायचा, ही चौकट पुढेही मोडली नाही. आपल्या गल्लीतील तुंबलेल्या गटाराबद्दल नगरसेवकाला दोष देताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

पाण्याचा प्रश्न तर फारच चमत्कारिक होता. १८९२ साली तानसाचे मुबलक पाणी शहरात आले. ते वाहून नेणारी गटारे मात्र त्या मानाने तयार नव्हती. नळ आला, निचरा आला नाही. जमिनीत पाणी मुरले, घरांच्या पाठीमागच्या अरुंद भंगीगल्ल्या चिखलाने भरल्या. मैला उचलणाऱ्या सफाई कामगारांच्या नावाने 'हलालखोर कर' वसूल होई. त्या कामगारांच्या वस्तीकडे मात्र सर्वांत शेवटी लक्ष जाई. इतिहासाच्या पुस्तकात प्लेग 'आला' असे लिहिलेले असते. त्याच्यासाठी पाट मांडून ठेवला होता, हे व्हिएगस यांच्यासारख्यांना दिसत होते.

याच ऑक्टोबरात आयुक्त स्नो यांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचे फर्मान काढले. महिनाअखेरीस सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. लालबाग-परळच्या गिरण्यांतील मजुराला तेथे नेलेला माणूस परत येत नाही एवढेच ठाऊक होते. समजावून सांगायला त्याच्याकडे कोण गेले होते? त्याला मत नव्हते, म्हणून त्याच्या दारी कोणी जातही नव्हते. आमच्या मते त्या दगडफेकीचे मूळ अडाणीपणात शोधण्यापेक्षा या तुटलेल्या नात्यात शोधावे.

सरकारने नेमके उलटे अनुमान काढले. मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर-जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि प्लेगनिवारणाचे काम महापालिकेच्या हातून निघाले. घरोघर तपासण्या सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी मुंबई सुधार न्यास, लोकांच्या तोंडी 'ट्रस्ट', स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या वसाहती ही त्याची कामगिरी निर्विवाद आहे. पण त्याच्या विश्वस्तांत महापालिकेने निवडलेले थोडेच, आणि गलिच्छ म्हणून पाडलेल्या खोल्यांच्या मानाने सुरुवातीची कितीतरी वर्षे नव्या खोल्या कमी पडल्या. उठवलेली माणसे शेजारच्या चाळीत दाटीने शिरली. म्हणजे रोग हटवण्यासाठी पाडलेल्या घरांनी दाटी वाढवली! गिरगावात, दादरला, माझगावात रस्त्याकडेला आपले जे जुने क्रूस दिसतात, त्यांतील अनेक या प्लेगच्या दिवसांत उभारले गेले. संध्याकाळी तेथे जमून रोझरी म्हणणाऱ्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांपैकी कित्येकांच्या घरांवरून गेटेकरांच्या तुकड्या फिरल्या असतील.

एक गोष्ट मात्र महापालिकेच्या सभागृहाबाहेर घडली व ती टिकली. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. ती वास्तू मुळात पोर्तुगीज काळातील मठाची, इंग्रजांनी अठराव्या शतकात जप्त केलेली, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. लस तयार झाली, तरी ती टोचून घ्यायला माणसे राजी व्हायला हवीत. व्हिएगस यांनी सुमारे १८,००० माणसांना स्वहस्ते लस टोचली, अशी नोंद आहे. मांडवीतल्या माणसाने दंड पुढे केला तो ओळखीच्या डॉक्टरापुढे. अध्यक्षपद त्यानंतर दहा वर्षांनी आले.

जोसेफ बाप्टिस्टा यांचा पिंड निराळा. वडील उत्तनचे, जन्म १८६४ चा माथारपाखाडीतला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण, मग केंब्रिज, मग बॅरिस्टरी. लोकमान्य टिळकांचे ते कायदेशीर सल्लागार आणि निकटचे सहकारी. १९१६ साली बेळगावी होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष तेच झाले. स्वराज्याच्या प्रसिद्ध घोषणेचे श्रेय काही जण त्यांना देतात. त्या वादात शिरण्याचे कारण नाही, त्या श्रेयावाचून त्यांचे काही अडत नाही. आमचे लक्ष जाते ते १९०१ कडे. होमरूलच्या पंधरा वर्षे आधीच हा बॅरिस्टर महापालिकेच्या सभागृहात आलेला होता. देशाच्या स्वराज्याची भाषा बोलणारा माणूस आठवड्याच्या बैठकीत गटारांचे ठराव ऐकत बसत असे. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभारण्यातही त्यांचा पुढाकार होता. 'काका' हे नाव कामगारांच्या तोंडी बसले ते उगीच नव्हे.

मताचा प्रश्न आता धसाला लागला. १९२२ च्या सुधारणेने महापालिकेचे सभासद १०६ झाले आणि महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूला मत मिळाले. गिरगावच्या वाडीत दोन खोल्यांत राहणारा कारकून मतदार झाला. १९२३ मध्ये अवंतिकाबाई गोखले, सरोजिनी नायडू यांच्यासारख्या स्त्रिया प्रथमच सभागृहात आल्या. परंतु लालबागच्या एका खोलीत आठ-दहा जणांनी राहणाऱ्या गिरणी कामगाराच्या खोलीचे भाडे बहुधा त्या रेषेखालीच असे. गरिबीने त्याचे घर लहान केले, आणि लहान घराने त्याचे मत नेले. प्रौढ मतदानाने महापालिका निवडली गेली ती १९४८ साली. तोवर काकांना जाऊन अठरा वर्षे झाली होती.

तरीही त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, १९२५ साली, सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाला एफ आणि जी या वॉर्डांत आरंभ झाला. एफ आणि जी म्हणजे परळ, लालबाग, दादर, वरळी. सक्तीच्या शिक्षणाचा पुरस्कार व्हिएगस यांनीही केला होता. श्रेय एकट्या अध्यक्षाचे नसते. सभागृहात ठराव कित्येक वर्षे फिरत राहतो, हात बदलतो, तेव्हा शाळेची घंटा वाजते.

याच सुमारास पुन्हा एकदा सरकारने सभागृहाला वळसा घातला. गव्हर्नर लॉइड यांच्या विकास खात्याने, म्हणजे आपल्या ओळखीच्या 'बीडीडी'ने, ५०,००० खोल्यांचा संकल्प सोडला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या सुमारे १६,५००. सुरुवातीला त्यांतील कित्येक रिकाम्या राहिल्या, कारण भाडे कामगाराला झेपेना. त्याला विचारून चाळ बांधली असती, तर हे कळायला इतका चुना-सिमेंट खर्चावा लागला नसता.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराला एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. प्रशासकाच्या अमदानीत रस्ते खणले गेले आणि बुजवलेही गेले. आमच्या धर्मग्रामातील एका गल्लीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचे, तेव्हा मंडळी अर्ज घेऊन फादरांकडे येत, आणि फादर विचारीत, 'हा अर्ज आता द्यायचा कोणाकडे?' नगरसेवक असताना त्याच्या नावाने बोटे मोडणारे आम्हीच होतो.

काका बाप्टिस्टा १८ सप्टेंबर १९३० रोजी निवर्तले. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर, शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या माथ्यावर, त्यांच्या नावाची बाग आहे. त्यांचे थडगे शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे. ही जागा १८६० च्या दशकात पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी मिळवून दिलेली. तेथून थोड्याच अंतरावर बीडीडीच्या बारा चाळी बांधल्या गेल्या. नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी आपण शिवडीला जातोच. या वर्षी एक मेणबत्ती जास्त न्यावी.