विरुद्ध स्वभावांचें लग्न : कादंबरींतलें आणि इतिहासांतलें

इंग्रजी कथावाङ्मयांत एका ठराविक साच्याच्या कादंबऱ्या पुष्कळ आहेत, आणि आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतूनहि त्या आवडीनें वाचल्या जातात. स्थळ इंग्लंड. काळ, तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाल्यामुळें त्याचा पुत्र राजप्रतिनिधि म्हणून कारभार पाहत होता तो, म्हणजे १८११ पासून १८२० पर्यंतचा. पात्रें सरदारघराण्यांतलीं. नायक रूपवान्, गर्विष्ठ आणि पूर्वायुष्यांत कांहीं तरी काळिमा असलेला. नायिका सरळ, विचारी आणि स्पष्टवक्ती. पहिल्या भेटींत दोघांचें बिनसतें आणि शेवटच्या प्रकरणांत दोघांचें लग्न लागतें. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'नें १८१३ सालीं या कल्पनेला अभिजात रूप दिलें. जॉर्जेट हेयर या लेखिकेनें १९३५ सालच्या 'रीजन्सी बक'पासून त्याच काळावर एकामागून एक कादंबऱ्या लिहून ती घरोघर पोंचविली. आणि हा ओघ अद्यापि आटलेला नाहीं.

या कादंबऱ्यांची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांतल्या चांगल्या कृतींत विनोद आहे, मनुष्यस्वभावाची पारख आहे, आणि दमल्याभागल्या मनाला विसावाहि आहे. परंतु त्या सर्वांच्या मुळाशीं एक सिद्धांत गृहीत धरलेला असतो, तो मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. परस्परविरुद्ध स्वभाव एकमेकांकडे ओढले जातात. आणि प्रेम पुरेसें असलें म्हणजे एकाचें उणें दुसऱ्यानें भरून निघतें, असा हा सिद्धांत. उच्छृंखल पुरुष सुशील स्त्रीच्या सहवासानें सुधारतो, आणि अतिशिस्तीची स्त्री त्याच्या सहवासानें मोकळी होते. याची परीक्षा करण्यास इतिहासानें एक उदाहरण जणूं मुद्दाम राखून ठेविलें आहे. काळ तोच, समाज तोच, नायक-नायिका तशींच. शिवाय दोघांचाहि पत्रव्यवहार उपलब्ध असल्यामुळें केवळ तर्कावर विसंबावें लागत नाहीं. हें उदाहरण म्हणजे लॉर्ड बायरन व ॲनाबेला मिलबँक यांचा विवाह.

बायरनचा जन्म १७८८ चा. बाप उधळ्या, त्यानें पत्नीची माहेरची जमीनजुमला आपल्या कर्जांत घालविली आणि मुलगा लहान असतांनाच तो मरण पावला. जन्मतः एका पायानें अधू असलेला हा मुलगा दहाव्या वर्षीं 'लॉर्ड' झाला, आणि न्यूस्टेड अॅबी ही मोडकळीस आलेली वडिलोपार्जित वास्तू त्याच्या वांट्यास आली. मार्च १८१२ मध्यें 'चाइल्ड हॅरोल्ड'चे पहिले दोन सर्ग प्रसिद्ध झाले आणि चोवीस वर्षांचा हा कवि एकाएकीं सर्व लंडनच्या तोंडीं झाला. त्याचें देखणेपण, त्याची उदासीनता, त्याच्या दुर्वर्तनाच्या कथा, या सर्वांचें त्या समाजास वेड लागलें. लेडी कॅरोलाइन लँब या विवाहित स्त्रीनें तर त्याच्यापायीं लोकलज्जाहि सोडली.

ॲनाबेला सर राल्फ मिलबँक यांची एकुलती एक कन्या, जन्म १७९२ चा. उत्तरेकडे डरहॅम परगण्यांत समुद्रकांठच्या सीहॅम येथें ती वाढली. केंब्रिजचे माजी अध्यापक विल्यम फ्रेंड यांच्यापाशीं ती शिकली. गणित व ज्योतिष हे तिच्या आवडीचे विषय. धर्माविषयीं गंभीर, दानाविषयीं तत्पर, आणि स्वतःच्या विवेकबुद्धीविषयीं निःशंक अशी ती होती. माणसांच्या स्वभावांचें पृथक्करण लिहून ठेवण्याची तिला संवय होती. पति कसा असावा याचेंहि एक टिपण तिनें आपल्या आत्याबाई लेडी मेलबोर्न यांच्या विनंतीवरून तयार केलें होतें!

२५ मार्च १८१२ रोजीं, लेडी कॅरोलाइनच्याच घरच्या एका समारंभांत, तिनें बायरनला प्रथम पाहिलें. सर्व स्त्रिया त्याच्याभोंवतीं गोळा होत असतां ही दूर राहिली. आणि दूर राहिली म्हणूनच त्याच्या डोळ्यांत भरली. ऑक्टोबरांत त्यानें लेडी मेलबोर्नमार्फत मागणी घातली. ॲनाबेलानें ती नाकारली. बायरनला फारसें दुःख झालें असें दिसत नाहीं. तिच्या गणितप्रेमावरून 'समांतरभुज चौकोनांची राजकन्या' असें नांव त्यानें तिला दिलें. येथवर कादंबरीचें पहिलें प्रकरण जसें असावें तसेंच सर्व आहे.

दुसरें प्रकरणहि तसेंच घडलें. १८१३ च्या वसंतऋतूंत ॲनाबेलानें नुकतीच निघालेली 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचली आणि ती किती संभाव्य वाटते याची प्रशंसा आईला पत्रानें कळविली. त्या पत्रांत गर्विष्ठ मिस्टर डार्सीचा उल्लेख विशेष आस्थेनें आला आहे. त्याच वर्षीं ऑगस्टांत तिनें आपण होऊन बायरनला पत्र लिहिलें. एका पुस्तकामुळें एवढें घडलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पापी परंतु थोर पुरुषास सन्मार्गास लावणें हें आपलें कर्तव्य आहे, ही भावना तिच्या मनांत बळावत गेली यांत संशय नाहीं. उलट, या स्थिर स्त्रीच्या आधारानें आपलें विस्कळित आयुष्य ताळ्यावर येईल, असें बायरनलाहि वाटूं लागलें. म्हणजे विरुद्ध स्वभावांनीं एकमेकांस पूर्ण करावयाचें, हा सिद्धांत दोघेंहि मनाशीं धरून होतीं. सप्टेंबर १८१४ मध्यें त्यानें पुन्हां मागणी घातली, आणि तिनें तत्काळ होकार दिला. २ जानेवारी १८१५ रोजीं सीहॅमच्या दिवाणखान्यांत विवाह झाला.

कादंबरी येथें संपते. इतिहास पुढें चालूं होतो.

पुढील हकीकत सुखाची नाहीं. वधूच्या पित्यानें २०,००० पौंड द्यावयाचे ठरले होते. परंतु ती रक्कम लगेच हातीं येण्याजोगी नव्हती, आणि बायरनच्या सावकारांस मात्र लग्नाची वार्ता लगेच कळली. लंडनमध्यें पिकॅडिली टेरेस येथें वार्षिक ७०० पौंड भाड्याचें घर घेतलेलें. नोव्हेंबरांत जप्तीचा बेलिफ घरांत येऊन बसला. बायरनचें मद्यपान व संताप वाढले. आपल्या सावत्र बहिणीविषयीं, ऑगस्टा ली हिच्याविषयीं, तो असें कांहीं सूचित करी कीं, तें ऐकून पत्नीच्या जिवाचा थरकांप होई. तो रागावे तेव्हां ती त्याच्या रागाची कारणें शोधी. तो थट्टा करी तेव्हां ती थट्टेचा अर्थ लावी. ज्या गुणामुळें ती त्याला आवडली होती, तोच गुण आतां त्याला न्यायाधीशासारखा समोर बसलेला दिसूं लागला. आणि त्याच्या ज्या औदासीन्यांत तिला थोरवी दिसली होती, तें तिला वेडाचें लक्षण वाटूं लागलें. १० डिसेंबर १८१५ रोजीं कन्या झाली. जानेवारीच्या आरंभीं, तूं माहेरीं जा, असें त्यानेंच चिठ्ठीनें कळविलें. १५ जानेवारी १८१६ रोजीं पहांटे महिन्याभराच्या मुलीस घेऊन ती निघाली, ती परत आली नाहीं. २१ एप्रिलला विभक्ततेच्या करारावर बायरनची सही झाली. २५ एप्रिलला त्यानें इंग्लंड सोडलें. १८२४ सालीं ग्रीसमध्यें मिसोलोंघी येथें तो वारला. मुलीची व त्याची पुन्हां भेट झाली नाहीं.

दोष कोणाचा, याचा वाद त्या दिवसापासून चालूं आहे, आणि त्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो निराळा प्रश्न : ही स्त्री त्या घरांतून बाहेर पडूं शकली ती कशाच्या बळावर? त्या काळच्या इंग्रजी कायद्यानें विवाहित स्त्रीस स्वतंत्र व्यक्तित्वच नव्हतें. तिची जंगम मालमत्ता पतीची. अपत्यांवर हक्क पित्याचा. तान्हें मूलहि तो मागूं शके. पूर्ण घटस्फोट पार्लमेंटच्या स्वतंत्र कायद्यानेंच मिळे. १७०० ते १८५७ या काळांत असे तीनशेंहून अधिक कायदे झाले, आणि त्यांपैकीं स्त्रियांच्या अर्जावरून झालेले अवघे चार! पति धर्मन्यायालयांत जाऊन पत्नीनें नांदावयास यावें असा हुकूम मागूं शकत असे. आणि पत्नी एकदां परत गेली कीं, मागील अपराधांची तिनें क्षमा केली असें धरलें जाई. ॲनाबेला सुटली, कारण तिला संपन्न आईबाप होते, स्टीफन लशिंग्टनसारखा निष्णात कायदेपंडित होता, आणि लोकापवादाच्या भीतीनें बायरनचा पक्ष न्यायालयाबाहेर तडजोडीस तयार झाला. इतकें होऊनहि १८२२ मध्यें तिची आई वारल्यावर मातुल घराण्याच्या इस्टेटीचें जें उत्पन्न तिच्याकडे आलें, त्याचा अर्धा वांटा विभक्त झालेल्या पतीस मिळाला. जिच्यापाशीं हीं साधनें नव्हतीं अशी शेंकडों घरांतली स्त्री काय करीत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. मातांना लहान मुलांसाठीं अर्ज करण्याचा हक्क १८३९ त, घटस्फोटाचें न्यायालय १८५७ त, आणि स्वतःच्या मालमत्तेवरील पूर्ण हक्क १८८२ त मिळाला.

नांदावयास येण्याच्या त्या हुकुमाची गोष्ट आपल्यालाहि परकी नाहीं. इंग्रजी धर्मन्यायालयांतला हा दावा इंग्रजी अंमलाबरोबर मुंबईस आला. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या रखमाबाईंवर त्यांच्या पतीनें १८८४ सालीं जी फिर्याद केली, ती याच जातीची. न्यायमूर्ति पिन्हे यांनीं १८८५ त ती फेटाळतांना, असा दावा मूळ हिंदु कायद्यांतला नव्हे, असें बजावलें. तथापि अपिलांत तो निर्णय फिरला, आणि १८८७ त न्यायमूर्ति फॅरन यांनीं, पतीच्या घरीं जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम केला. इंग्लंडांत हीच कैदेची शिक्षा १८८४ सालीं रद्द झालेली होती! अखेर १८८८ त दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. स्वभावांचा मेळ नसणें हें पिकॅडिलींतहि घडतें आणि गिरगांवांतहि घडतें. दार बंद कीं उघडें, हें मात्र कायदा ठरवितो.

मौजेची गोष्ट अशी कीं, एवढें सर्व घडूनहि कादंबरीनें आपला सिद्धांत सोडला नाहीं. करारावर सही होऊन महिना लोटतो न लोटतो तोंच, मे १८१६ मध्यें, लेडी कॅरोलाइनची 'ग्लेनार्व्हन' निघाली. तींतला खलनायक म्हणजे उघड उघड बायरन. तेथून त्याची छाया इंग्रजी कादंबरीवर पडली ती कायमची. १८४७ सालच्या 'जेन आयर'मधील रॉचेस्टर त्याच वंशाचा. तथापि शार्लट ब्राँटीची चतुराई अशी कीं, तिनें नायिकेस आधीं चुलत्याचा वारसा मिळवून दिला, स्वतःच्या पायांवर उभें केलें, आणि मगच रॉचेस्टरकडे परत पाठविलें. जेन परत गेली ती आश्रयासाठीं नव्हे, इच्छेनें. पुढच्या अनुकरणकर्त्यांनीं रॉचेस्टर तेवढा उचलला, वारसा विसरले.

या विवाहाचें एकच फळ गोड ठरलें, आणि तें विलक्षण होतें. ॲनाबेलानें मुलीस पित्याच्या कवित्वाची बाधा होऊं नये म्हणून लहानपणापासून गणिताच्या अभ्यासांत वाढविलें. हीच ऑगस्टा एडा, पुढें लव्हलेसची काउंटेस. चार्लस बॅबेजच्या संकल्पित गणनयंत्रावरील मेनाब्रेआ या इटालियन विद्वानाच्या निबंधाचें तिनें १८४३ सालीं भाषांतर केलें, आणि त्यास मूळ लेखाहून कितीतरी मोठ्या टिपा जोडल्या. हें यंत्र अंकांपलीकडे जाऊन स्वरांसारख्या इतर गोष्टींचेंहि संयोजन करूं शकेल, ही कल्पना तींत आहे. आजच्या संगणकाचा इतिहास लिहिणारे तिचें नांव आदरानें घेतात. आईची शिस्त आणि बापाची कल्पनाशक्ति एका डोक्यांत सुखानें नांदली. एका घरांत मात्र तीं वर्षभराहून फारशीं अधिक नांदलीं नाहींत. १८५२ त, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, ती वारली, आणि स्वतःच्या इच्छेप्रमाणें हकनॉल येथें, कधींहि न आठवणाऱ्या पित्याशेजारीं तिला पुरण्यांत आलें.

तेव्हां विरुद्ध स्वभाव एकमेकांस ओढतात, हें कादंबरीकारांचें म्हणणें खोटें नाहीं. इतिहास त्यास साक्ष देतो. परंतु ओढ ही लग्न लावूं शकते, संसार चालवूं शकत नाहीं. संसारांत विरोध सुसह्य होतो तो दोघेंहि बरोबरीनें उभीं असतील तेव्हां. एकाला नकार देण्याची सोय नसेल, तर त्याच्या प्रेमाला आणि त्याच्या सोसण्याला निराळें ओळखणें कठीण. आमच्या घरांतील मुलींनीं या कादंबऱ्या खुशाल वाचाव्या. मात्र शेवटचें पान उलटतांना, नायकानें काय वचन दिलें एवढेंच न पाहतां, नायिकेजवळ तिचें स्वतःचें असें काय उरलें, हेंहि पाहण्याची संवय त्यांनीं लावून घ्यावी. पुस्तकांत हा प्रश्न विचारण्याचा सराव झाला, तर आयुष्यांत तो विचारतांना जीभ अडखळणार नाहीं.