ट्रॉम्बेचं ट्रेनिंग स्कूल

आमच्या वेळी एम.एस्सी. फिजिक्स केलं की पुढे कॉलेजात मास्तरकी, हे ठरलेलंच. हा शिरस्ता मोडला ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातल्या ट्रेनिंग स्कूलनं. होमी भाभांनी १९५७ मध्ये ते सुरू केलं तेव्हा ‘अप्सरा’ अणुभट्टी चालू होऊन वर्षच झालं होतं. ‘सायरस’ उभी राहत होती आणि ती चालवणारी माणसं देशातल्या कुठल्याच विद्यापीठात तयार होत नव्हती. फिजिक्सवाल्याला पंप कळत नसे, इंजिनिअरला न्यूट्रॉन. दोघांना वर्षभर एकत्र शिकवायचं, हा भाभांचा तोडगा. ते स्वतः केंब्रिजला आधी मेकॅनिकल शिकले आणि मग फिजिक्सकडे वळले, त्यामुळे त्यांना या मिश्रणाचं अप्रूप नव्हतं.

मी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सांगलीहून तिथे दाखल झालो. वर्गात रिॲक्टर फिजिक्स होतं, हेल्थ फिजिक्स होतं, परीक्षांचा ससेमिरा तर कायमचाच. पण मला घडवलं ते व्हॅक्यूम सिस्टिमनं. पंप तासन् तास घरघरतोय आणि गेजचा काटा काही हलत नाही. म्हणजे कुठेतरी लीक. मग बारीक नळीतून एकेका जोडावर हेलियम सोडत जायचं. डिटेक्टरचा काटा उडाला की चोर सापडला. बहुतेक वेळा ओ-रिंगवर चिकटलेला एखादा केस! क्वांटम मेकॅनिक्समध्ये पहिले येणारे इथे रडकुंडीला यायचे आणि आयटीआय झालेले आमचे टेक्निशियन मिशीतल्या मिशीत हसायचे.

सगळेच काही अणुभट्टीवर गेले नाहीत. कुणी इलेक्ट्रॉनिक्सकडे वळले. हैदराबादची ईसीआयएल ही इलेक्ट्रॉनिक्स कंपनी १९६७ मध्ये निघाली ती ट्रॉम्बेच्याच कामातून. कुणी पुढे इंदूरला लेसर आणि ॲक्सिलरेटरवर गेले. रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा तर ट्रॉम्बेत १९६२ पासून आहे. तो करून माणूस इस्पितळात मेडिकल फिजिसिस्ट होतो. कॅन्सरच्या पेशंटला किरणांचा डोस किती आणि कुठल्या कोनातून, हा हिशेब त्याचा. पेशंट मात्र पाया पडतो डॉक्टरच्या.

फिजिक्स-इंजिनिअरिंगचं ते मिश्रण आता कॉलेजातही आलं आहे. आयआयटी मुंबईत इंजिनिअरिंग फिजिक्स ही बी.टेक.ची स्वतंत्र शाखा आहे, इतरत्रही ती निघाली आहे. सोसायटीतली मुलं विचारतात, “काका, स्कोप आहे का?” स्कोप आहे. फक्त प्रवेश घेण्याआधी कॉलेजचं वर्कशॉप बघून या आणि लेथला मुलांना हात लावू देतात का, ते विचारा. देत नसतील तर सरळ बी.एस्सी. करा, फीचे पैसे तरी वाचतील.