पाहुण्या पंतोजींची चीनयात्रा

परदेशातल्या शाळांची पाहणी करून आलेल्या माणसाला आपल्याकडे एक खास मान असतो. तो तिकडची छायाचित्रे दाखवतो, तिकडची मुले रांगेने कशी चालतात ते सांगतो, एक अहवाल लिहितो आणि तो अहवाल कपाटात जाऊन पडतो. मी पेशाने शिक्षक. असे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत इमारतींची वर्णने असतात, वेळापत्रके असतात, पटावरचे आकडे असतात. पण त्या दौऱ्याने पाहुण्यात काय बदल झाला आणि यजमानाने त्यातून काय उचलले, एवढीच गोष्ट त्यांत सापडत नाही. कशी सापडणार? असल्या देण्याघेण्याचा हिशेब वर्षा-दोन वर्षांत पुरा होत नसतो. म्हणून ज्याला शंभराहून अधिक वर्षे होऊन गेली आणि ज्याचा जमाखर्च आज निवांतपणे मांडता येतो, असा एक दौरा मी येथे घेतला आहे. अमेरिकेतले तत्त्वज्ञ आणि शिक्षणशास्त्रज्ञ जॉन ड्यूई यांचा चीनमधला मुक्काम, हा तो दौरा.

१९१९ च्या आरंभी ड्यूई जपानात व्याख्याने देण्यासाठी आले होते. कोलंबिया विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या चिनी तरुणांना हे कळले आणि त्यांनी गुरूला आग्रहाचे आमंत्रण धाडले. ३० एप्रिल १९१९ रोजी ड्यूई आणि त्यांच्या पत्नी ॲलिस शांघायच्या धक्क्यावर उतरले. थोडे दिवस राहावे, चार व्याख्याने द्यावीत आणि परतावे, असा बेत होता. प्रत्यक्षात ते परतले १९२१ च्या जुलैत. साठीच्या उंबरठ्यावर उभा असलेला हा माणूस परक्या मुलखात दोन वर्षांहून अधिक काळ का रमला, हे समजायचे तर त्या वेळचा चीन डोळ्यांपुढे आणला पाहिजे.

सुमारे तेराशे वर्षे चीनमध्ये विद्या म्हणजे सरकारी परीक्षा, हे समीकरण होते. प्राचीन ग्रंथ मुखोद्गत करायचे, ठरलेल्या साच्याचा निबंध लिहायचा, आणि नशीब असेल तर अधिकारी व्हायचे. केस पिकेपर्यंत परीक्षा देत राहिलेले उमेदवार त्या देशात गावोगाव होते. १९०५ साली एका राजाज्ञेने ही परीक्षा रद्द झाली. पुढे सहा-सात वर्षांत राजाही गेला आणि प्रजासत्ताक आले. ज्या शिडीवर चढण्यासाठी लोक शिकत होते ती शिडीच नाहीशी झाली. आता शिकायचे कशासाठी? नव्या शाळा जपानी नमुन्यावर निघाल्या. पण पुस्तके बदलली तरी घोकण्याची रीत बदलली नव्हती. शिवाय पुस्तकांची भाषा जुनी ग्रांथिक. मूल घरी एक भाषा बोले आणि शाळेत दुसरीच वाचे.

अशा देशाला ड्यूई हवेसे वाटले यात नवल नाही. १८९६ साली शिकागोत त्यांनी प्रयोगशाळा काढली होती. नुसत्या नावाची नव्हे, तर खरोखर प्रयोग करणारी शाळा. तेथे मुले सुतारकाम करीत, स्वयंपाक करीत, सूत काढून विणीत, आणि त्या कामांतून गणित, इतिहास, रसायन यांच्याकडे वळत. शिक्षण म्हणजे पुढच्या आयुष्याची नुसती तयारी नव्हे, ते स्वतःच आयुष्य आहे. शाळा हा एक छोटा समाज आहे. आणि मूल शिकते ते करून शिकते, हे त्यांच्या शिकवणुकीचे सार.

पण पाहुण्याने तोंड उघडण्यापूर्वीच यजमानाच्या मुलांनी त्याला पहिला धडा दिला. ड्यूई उतरले त्याला आठवडाही झाला नव्हता. व्हर्सायच्या तहात शांटुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क चीनला परत न मिळता जपानच्या पदरात पडणार, ही बातमी आली आणि ४ मे १९१९ रोजी पेकिंगमधले सुमारे तीन हजार विद्यार्थी रस्त्यावर आले. एका मंत्र्याचे घर जाळले गेले. महिन्याभरात हे लोण शहरोशहरी पोहोचले. जूनच्या आरंभी सरकारने धरपकड सुरू केली, तुरुंग पुरेनात, तेव्हा विद्यापीठाच्या इमारतींचाच तुरुंग केला.

ड्यूई तेव्हा पेकिंगला येऊन पोहोचले होते. त्यांनी आणि ॲलिसबाईंनी या दिवसांत घरच्या मुलांना लिहिलेली पत्रे १९२० साली पुस्तकरूपाने निघाली. ही पत्रे मला त्यांच्या भारदस्त ग्रंथांपेक्षा अधिक जिवंत वाटतात. भाड्याने घर शोधायला निघालेल्या या दांपत्याला वाटेत विद्यार्थी भाषणे करताना दिसले. मागाहून कळले की त्यांना अटक झाली, आणि पोरांनी घरून निघतानाच खिशात टॉवेल व दात घासण्याचा ब्रश घेतला होता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी पुढे व्हावे आणि व्यापाऱ्यांना व वडीलधाऱ्यांना लाजवून आपल्यामागे ओढावे, हे आपल्या देशात कल्पनेतही येणार नाही, असा त्यांच्या लिहिण्याचा सूर आहे. पुढे तर नवलच झाले. सरकार वरमले, पहारे उठले, पण कोंडलेली मुले बाहेर येईनात. आधी माफी मागा, मग निघतो, म्हणाली! २८ जूनला तहावर सही करण्यास चीनच्या प्रतिनिधींनी नकार दिला. शाळा हा एक छोटा समाज आहे असे जन्मभर सांगत आलेल्या गुरूने, अख्खा समाज शाळा होतो तेव्हा कसा दिसतो, हे येथे पाहिले. मुक्काम वाढला तो अशा वातावरणात. कोलंबियाने रजा दिली, ती पुन्हा वाढवली, आणि ड्यूई राहिले.

नंतरच्या दोन वर्षांत ते दहाहून अधिक प्रांतांत फिरले आणि दोनशेच्या आसपास व्याख्याने दिली. व्याख्यानाची तऱ्हा मोठी मजेशीर होती. ड्यूई इंग्रजीत थोडे बोलत आणि थांबत. शेजारी उभा असलेला दुभाषी ते चिनीत सांगे. समोर बसलेले लेखक भराभर टिपून घेत. आणि लौकरच ते वर्तमानपत्रांत छापून येई. दुभाषी तरी कोण? पेकिंगमध्ये बहुधा हू शी, म्हणजे बोलभाषेत लिहिले पाहिजे या चळवळीचे अध्वर्यू आणि ड्यूईंचेच शिष्य. पेकिंगमधल्या पाच व्याख्यानमालांचे पुस्तक १९२० साली निघाले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या. २० ऑक्टोबर १९१९ रोजी ड्यूईंना साठ वर्षे पुरी झाली. तो दिवस त्या वर्षी नेमका कन्फ्यूशियसच्या जयंतीचा होता. पेकिंग विद्यापीठाचे प्रमुख त्साई युआनपेइ यांनी मेजवानीच्या भाषणात हा योग हेरला आणि दोघांची तुलना केली. चीनमध्ये परक्या माणसाचा याहून मोठा सन्मान तो कोणता!

या व्याख्यानांची पुढची गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. ड्यूईंची मूळ इंग्रजी टिपणे बहुतेक नाहीशी झाली. उरले ते चिनी. अखेर १९७३ साली हवाई विद्यापीठाने त्या चिनी पाठावरून पुन्हा इंग्रजी भाषांतर करून पुस्तक छापले. गुरूचे शब्द घरी परतले ते यजमानाच्या भाषेतून फिरून. त्यांत ड्यूई किती आणि हू शी किती, हे आता कोण निवडून काढणार? सगळ्याच दौऱ्यांत असे होते. एरवी ते आपल्या लक्षात येत नाही, एवढेच.

मग चीनला काय मिळाले? कागदावर पुष्कळ. १९२० साली प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन इयत्तांत ग्रांथिक भाषेऐवजी बोलभाषा आणावी असा हुकूम निघाला; त्याचे श्रेय अर्थात चिनी चळवळीचे. १९२२ साली अमेरिकी धर्तीवर सहा, तीन आणि तीन वर्षांचे टप्पे असलेली नवी शिक्षणरचना आली. पण चीनचे बहुसंख्य लोक खेड्यात राहत होते. तिथल्या मुलाला ना सहा वर्षे मिळत होती ना तीन. टप्पे उत्तम होते; त्यांवर पाय ठेवायला मूल मोकळे नव्हते.

ही विसंगती ज्याला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बोचली, तो ड्यूईंचाच एक विद्यार्थी होता. ताओ शिंगची हे त्याचे नाव. जन्म १८९१, आन्हुइ प्रांतातल्या गरीब घरात. नानकिंग, इलिनॉय आणि कोलंबिया असे शिकून तो १९१७ साली परतला आणि नानकिंगच्या अध्यापक महाविद्यालयात शिकवू लागला. तेथे त्याने पहिला वाद घातला तो एका शब्दावरून. अभ्यासक्रमात ‘शिकवण्याची पद्धत’ असा विषय होता. त्याचे नाव ‘शिकवण्या-शिकण्याची पद्धत’ असे करावे, हा त्याचा हट्ट. शब्द एवढासा, पण त्याने मास्तराच्या शेजारी विद्यार्थ्याला आणून बसवले.

१९२३ साली ताओंनी प्रौढ साक्षरतेसाठी एक हजार शब्दचिन्हांची वाचनमाला तयार करण्यात भाग घेतला. त्याच सुमारास त्यांच्या घरी एक गंमत झाली. त्यांची आई सत्तावन्न वर्षांची, निरक्षर. तिला ते पुस्तक शिकवले कोणी? सहा वर्षांच्या नातवाने. आजी शिकली, आणि ताओंच्या मनात एक बी पडले.

१५ मार्च १९२७ रोजी त्यांनी नानकिंगबाहेर शियाओच्वांग या खेड्यात शिक्षक घडवणारी शाळा काढली. सुरुवातीचे विद्यार्थी तेरा. प्रवेशपरीक्षेत निबंध होता, तसेच जमीन खणणेही होते. इमारत नव्हती, विद्यार्थ्यांनी आणि गुरुजींनी मिळून गवती छपराची घरे उभारली. आचारी नव्हता, पाळीपाळीने सगळे रांधत. परदेशी पदवीधर प्राध्यापक गवती चपला घालून हिंडत. सभागृहाला त्यांनी नांगराच्या नावाने महाल म्हटले, आणि ग्रंथालयावर पुस्तकी किड्यांनी आत येऊ नये अशा अर्थाचे नाव लावले! आपल्या शाळा खेड्यातल्या मुलाला भात खायला शिकवतात, पिकवायला शिकवत नाहीत, ही त्यांची तक्रार होती.

येथेच त्यांनी गुरूचे सूत्र उलटे केले. शिक्षण हेच आयुष्य असे ड्यूई म्हणत. ताओ म्हणाले, आयुष्य हेच शिक्षण. शाळा हा समाज असे ड्यूई म्हणत. ताओ म्हणाले, समाज हीच शाळा. हा शब्दांचा खेळ नव्हे. ज्या देशात घरोघर मूल शाळेत जाते तेथे शाळेत आयुष्य आणावे लागते. ज्या देशात शाळाच नाही तेथे आयुष्यातच शाळा शोधावी लागते. गुरूचा शब्द जसाच्या तसा जपला असता तर शहरात एखादी टुमदार प्रयोगशाळा निघाली असती. शिष्याने तो मोडला म्हणून तो खेड्यात पोहोचला. ड्यूईंचे सहकारी किलपॅट्रिक १९२९ साली ही शाळा पाहून गेले. पुन्हा एक पाहुणा आला. पण या वेळी तो शिकवायला नव्हे, पाहायला आला होता.

१९३० च्या एप्रिलात राष्ट्रीय सरकारने शियाओच्वांग बंद केले. विद्यार्थी राजकारणात पडले हा रोष, आणि ताओंच्या अटकेचा हुकूम. ते जपानात निसटले. पुढे परतून शांघायच्या आसपास त्यांनी काम आणि शिक्षण यांची सांगड घालणारे संघ काढले, आणि १९३४ पासून नातवाची ती जुनी गोष्ट चळवळ म्हणून पसरवली. ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याला लगेच सांगावे. मूल हाच मास्तर. त्याच वर्षी त्यांनी आपले नावही उलटे केले. आधीचे नाव ‘चीशिंग’, म्हणजे आधी ज्ञान मग कृती. आता ‘शिंगची’, आधी कृती मग ज्ञान. स्वतःचे नाव बदलण्याइतका ज्याचा विचारावर विश्वास, त्याला मी तरी हाताची दोन्ही बोटे जोडतो.

आता या हकिगतीचे एक टोक आपल्या अंगणात येते. १९३६ ते १९३८ ताओ जगभर फिरले. जपानशी युद्ध पेटले होते आणि चीनसाठी सहानुभूती मिळवायची होती. परतताना १९३८ साली ते वर्ध्याला गांधीजींना भेटले. वर्ध्याची शिक्षण परिषद १९३७ च्या ऑक्टोबरात होऊन गेली होती आणि हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार ताजा होता. एकाने चरख्यापासून आरंभ केला होता, दुसऱ्याने नांगर आणि नातू यांच्यापासून. दोघांपुढे प्रश्न एकच होता, की पैसा नसलेल्या देशाने आपल्या मुलांना शिकवावे कसे. गांधीजींनी चीनमधल्या लोकशिक्षणावर त्यांच्याकडून टिपण मागून घेतले, ते ‘हरिजन’मध्ये आले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकासह मुंबईहून चीनला निघाले. एक मास्तर तिकडून आला आणि एक वैद्य इकडून गेला.

युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी ताओंनी १९३९ साली चुंगकिंगजवळ शाळा काढली. २५ जुलै १९४६ रोजी शांघायमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने ते वारले. वय अवघे चोपन्न. मरणानंतरही परीक्षा टळली नाही. १९५१ पासून नव्या चीनमध्ये त्यांच्यावर टीकेची झोड उठली, गुरू ड्यूई आणि गुरुबंधू हू शी यांच्यावरही उठली. पुढे माओंच्या मृत्यूनंतरच्या काळात ताओंना त्यांचा मान परत मिळाला. शियाओच्वांगचे नाव आज नानकिंगमधल्या एका विद्यापीठाला आहे.

आता जमाखर्च मांडतो. पाहुण्याने दोनशे व्याख्याने दिली, ती ग्रंथालयात आहेत. आखून दिलेले टप्पे सरकारी कागदांत रुजले. पण ज्या एका गोष्टीने आजी वाचू लागली आणि खेड्यातले पोर मास्तर झाले, ती पाहुण्याने दिलेली नव्हती. पाहुण्याचे ऐकून, मग त्याच्याशी भांडून, यजमानाने ती स्वतः घडवली होती. आणि पाहुण्याच्या खात्यावरही जमा आहे: खिशात टॉवेल घेऊन तुरुंगाकडे निघालेली ती मुले. दौऱ्यावर जाणाऱ्या आणि दौरेकऱ्यांचे स्वागत करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना माझी एवढीच विनंती, की अहवालाच्या शेवटी दोन पाने कोरी सोडावीत. तिथे काय लिहायचे ते पुढच्या पिढीतला एखादा भांडखोर विद्यार्थी ठरवील.