ऑपेरा हाऊस : पडदा पुन्हा वर जाताना

गिरगावात चर्नी रोड स्थानकापासून काही पावलांवर ‘ऑपेरा हाऊस’ लागते. पुष्कळांच्या लेखी हे नाव एका परिसराचे. ज्या नाट्यगृहावरून ते पडले, त्याचा मात्र मध्यंतरी जवळजवळ विसर पडला होता.

कोलकात्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या व्यापारातील पारशी गृहस्थ जहांगीर फ्रामजी कराका यांनी ही वास्तू उभारली. बांधकाम अपुरे असतानाच, १९११ साली, राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. बरोक शैलीतील नक्षीकाम, ससून कुटुंबाने दिलेली झुंबरे आणि कवी-नाटककारांना मानवंदना देणारा अष्टदली घुमट असा तिचा थाट. बांधले युरोपीय ऑपेरासाठी. पण तेथे बालगंधर्व गायले, दीनानाथ मंगेशकर गायले आणि पुढे पृथ्वीराज कपूर यांची नाटके झाली. परक्याने बांधलेले घर आपल्या माणसांनी असे सुरांनी आपलेसे केले.

मग बोलपटाचे युग आले. पडद्यासाठी आतील रचना बदलली, बाजूच्या खास बैठका गेल्या. या फेरफाराला नाके मुरडणे सोपे आहे. परंतु चित्रपटाच्या तिकिटांनीच या वास्तूला पुढे कित्येक वर्षे जगवले, हे विसरता कामा नये. १९५२ मध्ये ती गोंडल संस्थानच्या राजघराण्याकडे आली. पुढे प्रेक्षक रोडावले आणि १९९३ मध्ये दारे बंद झाली. मी तेव्हा सेमिनरीत शिकत होतो. त्या पदपथावरून जाताना कुलूप दिसे, आत काय उरले असेल असा विचार मनात येई, आणि मी पुढे चालू लागे. शहरही तसेच पुढे गेले.

मालकांनी मात्र ती विकली नाही. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे जीर्णोद्धाराचे काम सोपवण्यात आले. येथे क्षणभर थांबावेसे वाटते. आपल्या गावांत डागडुजी म्हणजे नक्षीची तुळई काढून लोखंडी घालायची आणि जुन्या फरशीवर चकचकीत लादी बसवायची! येथे उलट घडले. जुनी छायाचित्रे धुंडाळून गेलेल्या बैठका पुन्हा घडवल्या, ढासळलेले सज्जे सावरले. कामाला कित्येक वर्षे लागली. २०१७ मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली. आज तेथे सुमारे ५७५ आसने आहेत.

ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा वर गेला, तेव्हा रंगमंचावर उभ्या होत्या पॅट्रिशिया रोझारियो : मुंबईत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये नावारूपाला आलेल्या ऑपेरा-गायिका.